ढवळायचं नाही

सणाच्या दुसऱ्या दिवशी कारकारमध्ये
कोंबडेसुद्धा उशिरा आरवतात.
अंगणात भाड्याच्या खुर्च्या एकात एक रचलेल्या,
बांबूचा दांडा भिंतीला टेकून उभा,
त्याच्यावर अजून चरबीची चकाकी
आणि खाली, मोठ्या आशेनं,
शेजारच्यांचं लंगडं कुत्रं.

काल याच दांड्यावर तो फिरत होता,
पोटात गवती चहा आणि कांद्याची पात शिवून,
पहाटेपासून, निखाऱ्यांवर.
दांड्याला त्याला बांधलं होतं बाबांनी,
त्यांची ती गाठ गल्लीत दुसऱ्या कुणाला येत नाही.
मग मामा तेओफिलोचा सुरा,
पहिला घाव,
आणि तो आवाज
कंदिलाची काच तडकावी तसा.
सगळी गल्ली हसली.

आज ते कातडं
भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं.
पाहुण्यांनी पिशव्या भरून नेलं,
नेऊ द्यावं, रीत आहे.
आम्हाला उरलं डोकं, खूर, बरगड्यांची जाळी
आणि आर्नुल्फोचं ते वाक्य.

माडीच्या तिसऱ्या पेल्यावर बोलला तो,
सगळ्यांसमोर:
डुक्कर माझ्या पगाराचं,
छपराचा पत्रा माझ्या पगाराचा,
आणि कान आधी कुणाच्या ताटात?
बाबांनी ताट खाली ठेवलं.
कॅराओकेवर कुणीतरी पुढचं गाणं लावलं,
मोठ्या आवाजात.

आई कोयता मागते.
डोकं दोन घावांत फुटतं, जबडा तिसऱ्यात.
काळं पडलेलं पातेलं,
ठेचलेला लसूण, न मोजता,
मिरी, तमालपत्र, सोया सॉस,
आणि माडीचाच शिरका
गेल्या पावसाळ्यापासून बाटलीत मुरलेला.
मी डाव घालते
तर मनगटावर चापट.
ढवळायचं नाही.
शिरक्याला उकळी फुटेपर्यंत हात लावायचा नाही,
नाहीतर कच्चाच राहतो, शेवटपर्यंत, घशात.

म्हणून आम्ही दोघी नुसत्या उभ्या.
वाफ डोळ्यांत जाते.
मागच्या बाजूला झोळीत बाबा
भिंतीकडे तोंड करून,
झोपलेले नाहीत, पाय हलतो आहे.
आतल्या खोलीत आर्नुल्फो
बॅगेची चेन लावतो, उघडतो, लावतो.
संध्याकाळची बोट आहे सेबूहून,
मग मनिला, मग जहाज, मग नऊ महिने.
मी म्हणते, जाऊन बोलू का त्यांच्याशी?
आई झाकण उचलून वास घेते,
म्हणते, अजून नाही.

शिळ्याला ऊत आणू नये म्हणतात.
आमच्या घरात सणानंतर
दुसरं काही शिजतच नाही.

मग कधीतरी वास बदलला.
नेमका केव्हा, सांगता येणार नाही;
नाक चुरचुरायचं थांबलं
आणि भूक लागली, एवढं आठवतं.
आईनं कालची काळजाची चटणी ओतली,
तपकिरी साखर दोन मुठी,
आणि आता स्वतःच डाव फिरवला, सावकाश, तळापासून.
कातडं, जे काल काच होतं, आज पुठ्ठा होतं,
डावावर थरथरलं,
जेलीसारखं,
गडद, चिकट, गोड-आंबट.

जेवताना कुणी बोललं नाही.
भात तीनदा वाढला गेला.
आईनं कान शोधून काढला,
मधोमध चिरला,
दोन ताटांत टाकला, कुणाकडे न बघता.
बाबांनी बोटं चाटली.
आर्नुल्फोनं खूर इतका चोखला
की कुत्रं निराश होऊन गेलं.

उरलेलं आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरलं.
झाकणावर जांभळ्या कंदाचं चित्र, फिकट झालेलं.
तो म्हणाला, बंदरावर काढून घेतील, आई.
ती म्हणाली, मग बोटीवर खा.
झाकण ढिलं होतं. सांडलं असतं सगळ्या कपड्यांवर.
बाबा उठले,
दांड्याला लटकलेली सुतळी सोडून आणली,
डबा गुडघ्यांत धरला
आणि बांधला,
आडवा, उभा, पुन्हा आडवा,
त्याच गाठीनं.

आर्नुल्फो म्हणाला,
ही सुटणार कशी?
बाबांनी त्याचं बोट धरून
सुतळीच्या एका टोकावर ठेवलं.